कम्युनिकेशन अँड लीडरशिपमध्ये मास्टर्स, नोकरी सांभाळून – कोर्सेसचा क्रम कसा लावावा?

चांदणवेल

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी सिॲटलजवळ राहते, एका हॉस्पिटलच्या इंटरप्रिटर विभागात कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे इंग्रजी न येणारे पेशंट आले की त्यांच्यासाठी दुभाषी लावणं, डॉक्टर-नर्सेसशी वेळा जुळवणं, तक्रारी ऐकणं असं काम. स्पॅनिश, व्हिएतनामी, सोमाली, रशियन जास्त. कधीकधी मुलाकडे आलेले आपले मराठी आजी-आजोबा पण येतात आणि तेव्हा मला फार बरं वाटतं.

तर आता मास्टर्स करायचं ठरवलंय. कम्युनिकेशन अँड लीडरशिप, पूर्ण ऑनलाइन, ३० क्रेडिटचा प्रोग्रॅम आहे, ३-३ क्रेडिटचे १० कोर्स. टर्म ८ आठवड्यांची. चार कोर्स सगळ्यांना कंपल्सरी आहेत: कम्युनिकेशन थिअरी, लीडरशिपचा पाया, एथिक्स आणि रिसर्च मेथड्स. पाच इलेक्टिव्ह आपण निवडायचे आणि शेवटी कॅपस्टोन (शिकलेलं सगळं वापरून करायचा प्रोजेक्ट) किंवा थिसिस. ॲडमिशन झालीय, ॲडव्हायजरबरोबर मीटिंग पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी कच्चा आराखडा घेऊन या म्हणालेत.

माझा आराखडा असा की प्रत्येक टर्मला दोन कोर्स घ्यायचे आणि लवकर मोकळं व्हायचं. आधी सोपे वाटणारे इलेक्टिव्ह, मग थिअरी, रिसर्च मेथड्स कॅपस्टोनच्या जरा आधी. नोकरी फुलटाइम आहे, मुलगी सातवीत आहे, नवरा मदत करतो. ज्यांनी असं काही केलंय किंवा शिकवतात त्यांनी प्लीज स्पष्ट सांगा, हा क्रम बरोबर आहे का आणि इलेक्टिव्ह कशाच्या आधारावर निवडायचे.

सह्यकडा

चांदणवेल, अभिनंदन! मी न्यू जर्सीत राहून नोकरी करत याच धर्तीची डिग्री केलीय, माझ्या डिग्रीचं नाव थोडं वेगळं होतं पण कोर्सेस साधारण हेच. आधी तासांचं गणित करून घे कारण ते कोणी सांगत नाही. इथे एका क्रेडिटचा हिशोब असा असतो की आठवड्याला एक तास वर्ग आणि त्यावर दोन तास घरचा अभ्यास, साधारण १५ आठवडे. म्हणजे ३ क्रेडिटच्या कोर्सला १३५ तास झाले. तेच ८ आठवड्यांत बसवलं की आठवड्याला जवळजवळ १७ तास होतात. दोन कोर्स एकदम घेतलेस तर ३४. नोकरीचे ४० धरलेस तर बाकी काय उरतं ते तूच बघ. वाचन भरभर होत असेल तर थोडे कमी लागतील, पण थिअरीचे पेपर भरभर वाचून होत नाहीत, एकेक पान दोनदा वाचावं लागतं आणि वर दर आठवड्याला डिस्कशन बोर्डवर स्वतःची पोस्ट, दोघातिघांना उत्तरं, हे पण असतंच.

तेव्हा पहिल्या टर्मला एकच कोर्स घे असं माझं अगदी ठाम मत आहे. दुसऱ्या टर्मपासून कुठे दोन घ्यायचे ते कळेल. दोन घ्यायचेच असतील तर एक वाचनाचा आणि एक करून दाखवायचा (भाषण, व्हिडिओ, प्रेझेंटेशन) अशी जोडी लाव, दोन्ही लांब पेपरवाले नकोत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिसर्च मेथड्स शेवटी ठेवू नकोस गं. तो तिसरा कोर्स असायला हवा, फार तर चौथा. मेथड्स झाल्यावर पुढचा प्रत्येक इलेक्टिव्ह वेगळ्या नजरेने वाचला जातो. कोणी म्हणालं की अमुक पद्धतीने बोललं तर टीमचा विश्वास वाढतो, की लगेच डोक्यात येतं, विश्वास मोजला कसा? किती जणांना विचारलं? ही सवय शेवटच्या टर्मला लागली तर डिग्रीभर तिचा उपयोगच झाला नाही ना. आराखडा शेवटाकडून सुरुवातीकडे आख. कॅपस्टोनला काय प्रश्न घेणार आहेस ते कच्चं का होईना पण आत्ताच लिही, मग त्यासाठी काय यायला हवं ते बघ आणि तसे कोर्स मागे मागे लावत ये.

अबोली७

सह्यकडा +१. मी पैशाचं बोलते कारण क्रम ठरवताना तो पण भाग येतो.

हॉस्पिटल ट्यूशन असिस्टन्स (फीसाठी मदत) देतं का? बहुतेक मोठी हॉस्पिटलं देतात. कंपनीने दिलेली ही मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत टॅक्स-फ्री असते, त्यावरची रक्कम सहसा पगारात धरली जाते. आणि हे वर्ष म्हणजे कॅलेंडर वर्ष, जानेवारी ते डिसेंबर, शैक्षणिक वर्ष नाही! समज एक कोर्स ३,००० चा पडतो, तर एका वर्षात दोन घेतलेस की मर्यादा ओलांडली. पण एक कोर्स ऑक्टोबरच्या टर्मला आणि पुढचा जानेवारीत आला तर दोन वेगळी वर्षं लागतात. रिइम्बर्समेंट ग्रेड लागल्यावर मिळत असेल तर पैसे हातात कधी येतात त्यावर वर्ष ठरतं, हे एचआरला लेखी विचार. बी च्या खाली ग्रेड आली तर पैसे नाहीत, डिग्रीनंतर अमुक काळ नोकरी सोडायची नाही, अशा अटी पण वाच.

दुसरं म्हणजे लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, शिक्षणाच्या फीवर मिळणारी टॅक्समधली सूट. स्वतःच्या खिशातून भरलेल्या फीच्या पहिल्या १०,००० वर २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर टॅक्समधून कमी होतात. कंपनीने भरलेल्या पैशावर हे परत मागता येत नाही. आणि जोडप्याचं उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की कमी कमी होत १,८०,००० ला संपतं. सिॲटलच्या पगारात बहुतेक बाहेरच जाल, पण बघून घे.

लोन घेणार असशील तर फेडरल लोनला निदान हाफ-टाइम असावं लागतं, एकेक कोर्सने ते बसतंय का ते फायनान्शियल एडला विचार. जुलै २०२६ पासून नवीन लोकांना ग्रॅड प्लस हे मास्टर्सवाल्यांचं जास्तीचं सरकारी लोन बंद झालंय, साधं अनसबसिडाइज्ड (शिकतानाही व्याज चढणारं) मिळतं त्याला वर्षाला २०,५०० ची मर्यादा आहे. तुझ्या प्रोग्रॅमला तेवढं पुरावं.

मिरजेचा_तंबोरा

चांदणवेल, मनापासून विचारतोय, गैरसमज नसावा. मी चाळीस वर्षं कारखान्यात काढली, सुपरवायझर म्हणून रिटायर झालो. माणसं सांभाळायला मी कुठल्या वर्गात गेलो नाही, शॉप फ्लोअरवर शिकलो. लीडरशिप हा शिकवायचा विषय आहे का? एवढा पैसा आणि वेळ घालायचाच तर एमबीए किंवा हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन का नाही? त्याला नोकरीत किंमत तरी आहे. पोरीचं वय पण अभ्यासाचं आहे, तुझे संध्याकाळचे तास तिचे पण आहेत.

चांदणवेल

काका, गैरसमज अजिबात नाही, घरात सासूबाईंनी पण हेच विचारलं. उत्तर देते.

आमच्याकडे एक प्रश्न रोज येतो. पेशंटला नीट कळलेलं नाहीये हे दुभाष्याला दिसतं. पेशंट मान हलवतोय पण कळलेलं नाहीये. दुभाष्याचं काम बोललेलं जसंच्या तसं पोचवायचं, मध्ये आपलं घालायचं नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग 'थांबा, इथे गडबड होतेय' असं म्हणायचं कोणी? डॉक्टर घाईत असतात, नर्सला भाषा येत नाही, दुभाषी व्हिडिओ स्क्रीनवर कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातून बोलतोय. सगळ्यांचा हेतू चांगला आहे तरी बाई घरी जाते आणि गोळी दिवसातून एकदाच्या ऐवजी तीनदा घेते. हे मला समजून घ्यायचंय आणि बदलायचंय. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचे सिलॅबस मी पाहिले, त्यात फायनान्स आणि ऑपरेशन्स जास्त. माझा प्रश्न बोलण्याचा आहे आणि अधिकाराचा आहे. म्हणून ही डिग्री.

मुलीचे तास मात्र तुम्ही बरोबर सांगितलेत. एका टर्मला एक कोर्स हे बहुतेक पटलंय मला.

पिंपळपान_प्राध्यापिका

चांदणवेल, हा प्रश्न तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये असायला हवा होता, इतका चांगला आहे! मी मिडवेस्टमध्ये एका स्टेट युनिव्हर्सिटीत ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशन शिकवते. इलेक्टिव्ह कशाच्या आधारावर निवडायचे विचारलंस ना, या प्रश्नाच्या आधारावर. दुसरा कुठलाही आधार नको. 'सोपा आहे', 'वेळ जमते', 'प्रोफेसर चांगले मार्क देतात' असं करून निवडलेले पाच कोर्स पाच दिशांना जातात आणि कॅपस्टोनला माणूस परत शून्यावर असतो. दरवर्षी बघते.

मिरजेच्या काकांच्या प्रश्नाचं पण उत्तर देते कारण तो योग्य प्रश्न आहे. काका, तुम्ही शॉप फ्लोअरवर शिकलात ते खरंच शिकणं होतं. आम्ही वर्गात काय करतो तर दुसऱ्यांच्या शॉप फ्लोअरवर काय घडलं ते उलगडून बघतो. दोन उदाहरणं सांगते, या विषयात जवळजवळ सगळीकडे शिकवली जातात.

पहिलं, मॅन गल्च. मोंटानामध्ये ५ ऑगस्ट १९४९ ला जंगलाला आग लागली, विमानातून उड्या मारणारे १५ अग्निशामक उतरले, खाली एक वनरक्षक येऊन मिळाला. म्होरक्या वॅग्नर डॉज. वाटलं होतं साधी आग आहे, सकाळपर्यंत आटपेल. आग उलटली आणि उतारावरून त्यांच्या मागे लागली. डॉजने आधी हत्यारं टाकून द्या म्हणून सांगितलं, मग एक विलक्षण गोष्ट केली, स्वतःच्या पुढ्यातलं गवत पेटवलं आणि त्या जळून गेलेल्या जागेत या म्हणून लोकांना हाका मारल्या. मागून आग येतेय आणि साहेब पुढे अजून आग लावतोय! कोणी ऐकलं नाही, सगळे वर पळाले. १३ जण गेले. डॉज त्याच जळक्या जागेत पालथा पडून वाचला, आणखी दोघं कड्यापर्यंत पोचले म्हणून वाचले. डॉजची युक्ती बरोबर होती पण ती त्याक्षणी कोणाला कळण्यासारखी नव्हती, आणि ही टोळी एकमेकांबरोबर फारसं काम केलेली नव्हती. कार्ल वाइक नावाच्या अभ्यासकाने १९९३ मध्ये यावर पेपर लिहिला, तो वाचल्यावर 'हुकूम दिला म्हणजे झालं' असं कोणी म्हणत नाही.

दुसरं चॅलेंजर. २८ जानेवारी १९८६ ला उडालं आणि ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. आदल्या रात्री फोनवर मीटिंग झाली होती. रॉकेटचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनियर सांगत होते की थंडीत रबराच्या कड्या नीट बसणार नाहीत, ५३ फॅरनहाइटच्या खाली उडवू नका. नासाकडून दबाव आला, कंपनीच्या मॅनेजरांनी वेगळं बसून चर्चा केली आणि निर्णय फिरवला. माहिती होती, ती बोलूनही दाखवली होती. तरी ती निर्णयापर्यंत पोचली नाही. चांदणवेलचा दुभाषी ज्या जागी उभा आहे तीच जागा आहे ही. ज्याला दिसतंय त्याच्या हातात अधिकार नाही.

म्हणून चांदणवेल, तुझ्यासाठी मी हे कोर्स बघेन: ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशन, इंटरकल्चरल कम्युनिकेशन, हेल्थ कम्युनिकेशन असेल तर तो, आणि कॉन्फ्लिक्ट किंवा निगोशिएशनवरचा एखादा. पाचवा मोकळा ठेव, तो शिकता शिकता सुचतो. सोशल मीडिया स्ट्रॅटेजी वगैरे कोर्स दिसायला आकर्षक असतात, तुला या प्रश्नासाठी त्याची गरज नाही. कोर्सच्या नावावर जाऊ नकोस, आधीच्या टर्मचा सिलॅबस मागव. नाव 'लीडरशिप अँड ग्लोबल चेंज' असतं आणि आत काहीही असू शकतं. सिलॅबसमध्ये वाचनाची यादी आणि शेवटचं असाइनमेंट एवढंच बघ. शेवटचं असाइनमेंट तुझ्या प्रश्नावर करता येईल असं असेल तर तो कोर्स तुझा.

मिरजेचा_तंबोरा

बाई, छान सांगितलंत. आमच्या फाउंड्रीत एका हेल्परला भट्टीच्या आवाजातला फरक कळायचा, पण तो बोलायचा नाही, कारण आधी एकदा बोलला तर कोणीतरी झापलं होतं. त्याला बोलता यावं म्हणून मी रोज शिफ्ट सुरू होताना त्याच्यापाशी जाऊन उभा राहायचो. तुम्ही यालाच विषय म्हणत असाल तर विषय आहे खरा.

पिंपळपान_प्राध्यापिका

काका, याच्यावर आमच्याकडे लोक पीएचडी करतात. चांदणवेल, काकांची ही पोस्ट सेव्ह करून ठेव.

गोदाकाठ

ताई, दादा, मधेच विचारतो, सॉरी. मी नाशिकला आहे, बीए झालंय (तीन वर्षांचं), एका एनजीओत दोन वर्षं काम केलंय. मला पण कम्युनिकेशन-लीडरशिपमध्येच करायचंय आणि अमेरिकेत यायचंय. एजंट म्हणाला की ऑनलाइन प्रोग्रॅमला ॲडमिशन घे, स्वस्त पडतो, मग व्हिसा होईल. हे खरं आहे का?

सह्यकडा

गोदाकाठ, नाही, अजिबात नाही. पूर्ण ऑनलाइन प्रोग्रॅमवर आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) मिळत नाही आणि आय-२० नाही तर एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा नाही. एफ-१ वर असताना फुलटाइमच्या हिशोबात टर्मला एकच ऑनलाइन कोर्स म्हणजे ३ क्रेडिट धरले जातात, बाकी वर्गात बसूनच. म्हणजे तुझं प्लॅनिंग चांदणवेलपेक्षा पूर्ण वेगळं होणार, ती एकेक कोर्स घेऊ शकते, तुला दर सेमिस्टरला फुलटाइम लोड घ्यावाच लागेल.

नोकरीचं पण नीट समजून घे. डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात नोकरी करायची परवानगी, १२ महिने मिळतं. स्टेमचं (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांना मिळणारं) २४ महिन्यांचं एक्स्टेन्शन डिग्रीच्या सीआयपी कोडवर, म्हणजे अभ्यासक्रमाच्या सरकारी क्रमांकावर ठरतं, आणि कम्युनिकेशनचे बहुतेक कोड त्या यादीत नाहीत. ०९.०७०२ हा डिजिटल कम्युनिकेशन अँड मीडियाचा कोड यादीत आहे. डिग्रीच्या नावावर विश्वास ठेवू नकोस, युनिव्हर्सिटीला थेट मेल करून कोड विचार. शिकताना सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून नोकरी) करायचं तर सहसा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं लागतं आणि फुलटाइम सीपीटी १२ महिने झालं की ओपीटीचा हक्क जातो. आणि एजंट बदल.

जोत्याची_पायरी

गोदाकाठ, तीन वर्षांच्या बीएचं पण बघ. काही युनिव्हर्सिट्या चार वर्षांची बॅचलर्स मागतात, काही तीन वर्षांची चालवतात, काही ठिकाणी क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशनमध्ये तुझा क्लास आणि कॉलेजची नॅकची (कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था) ग्रेड बघतात. अर्जाची फी भरायच्या आधी विचार.

आणि महाराष्ट्रात का नाही करत हा पण प्रश्न स्वतःला विचार, खरंच विचार. आता एनईपीने (नवीन शैक्षणिक धोरण) दोन वर्षांचं पीजी ८८ क्रेडिटचं झालंय, सेमिस्टरला २२. पहिल्या सेमिस्टरलाच रिसर्च मेथडॉलॉजी ४ क्रेडिटची येते, दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) किंवा फील्ड प्रोजेक्ट, तिसऱ्या-चौथ्याला मिळून १० क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट. एक वर्ष करून थांबलास तर पीजी डिप्लोमा मिळतो. सह्यकडाने वर जे सांगितलं की मेथड्स आधी, ते इथे आराखड्यातच बसवलेलं आहे. इलेक्टिव्ह मात्र सेमिस्टरला ४ क्रेडिटचेच आणि डिपार्टमेंट जे देईल त्यातूनच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, युनिव्हर्सिटी कॅम्पसवर मीडिया अँड कम्युनिकेशन स्टडीज आहे. लीडरशिप नावाने वेगळं मिळणार नाही पण एनजीओचं काम हातात असताना ओजेटी आणि प्रोजेक्ट त्यावरच करता येईल. खर्चाचा फरक तर सांगायलाच नको.

गोदाकाठ

खूप खूप धन्यवाद. सीआयपी कोड हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. घरच्यांना हा धागा दाखवतो. आधी पुण्याची माहिती काढतो.

वऱ्हाडी_ठेचा

चांदणवेल ताई, तुमच्या लिस्टमध्ये ऱ्हेटरिकचा, म्हणजे वक्तृत्वशास्त्राचा कोर्स असेल तर तो पाचवा घ्या अशी माझी फार इच्छा आहे. मी अमरावतीकडचा. ऱ्हेटरिकच्या कोर्सला एखाद्या वक्त्यावर पेपर लिहायचा असतो आणि सगळे लिंकन नाहीतर मार्टिन ल्यूथर किंगवर लिहितात. आपण गाडगेबाबांवर लिहावं. त्यांचं कीर्तन म्हणजे नुसता उपदेश नव्हता, समोरच्यांना प्रश्न विचारत विचारत नेत. देव कुठं राहतो, त्याला आंघोळ कोण घालतं, नैवेद्य दाखवला तर त्याच्याजवळचं कुत्रं कोण हाकलतं. लोक उत्तरं देत देत स्वतःच तिथे पोचत जिथे बाबांना न्यायचं होतं. लोकांच्याच वऱ्हाडी बोलीत बोलत आणि आधी खराट्याने गाव झाडलेलं असायचं, मग रात्री कीर्तन. म्हणजे ज्याला तुमच्या पुस्तकात विश्वासार्हता म्हणतात ती दिवसा हाताने कमावलेली. हे दुभाष्याच्या प्रश्नाला पण लागू होतं. पेशंटला 'कळलं का' विचारलं तर तो 'हो' म्हणणारच, पण त्यालाच सांगायला लावलं तर खरं कळतं.

नर्सिंग_स्टेशन

वऱ्हाडी_ठेचा, हे आम्ही रोज करतो! याला टीच-बॅक म्हणतात, पेशंटला आपल्या शब्दांत परत सांगायला लावायचं. कीर्तनाशी जोडून कधी पाहिलं नव्हतं, फार आवडलं.

मी टेक्ससमध्ये आरएन म्हणजे नर्स आहे. चांदणवेल, तुझ्या प्रश्नाबद्दल दोन-तीन गोष्टी. आमच्याकडे शिफ्ट बदलताना आणि डॉक्टरला फोन करताना एसबार वापरतात, परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी शिफारस. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून हे कायझर परमनेंटेमार्फत हॉस्पिटलांत आलं. त्यातला चौथा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो कारण नर्सने 'मला असं वाटतं की तुम्ही आत्ता येऊन बघावं' हे म्हणायला त्यात जागा आहे, नुसती माहिती देऊन गप्प बसायचं नाही. दुभाष्याला अशी कुठलीच जागा नाही. तुझा कॅपस्टोन इथे होऊ शकतो: दुभाष्यासाठी थांबवण्याचं एक ठरलेलं वाक्य असावं का आणि ते चालतं का.

पण कृपा करून आयआरबीचं (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) आधी बघ. पेशंट, नर्स, दुभाषी, कोणाचीही मुलाखत रिसर्च म्हणून घेणार असशील तर युनिव्हर्सिटीच्या आयआरबीकडे जावं लागेल आणि हॉस्पिटलचा वेगळा असेल तर तिथे पण. मानवी विषयांच्या रिसर्चचं ऑनलाइन ट्रेनिंग असतं, ते मेथड्सच्या कोर्समध्येच करून टाक. पेशंटच्या रेकॉर्डला हात लागला की हिपा, पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा, आलं. परवानगीला वेळ लागतो आणि ८ आठवड्यांच्या कॅपस्टोनमध्ये तो वेळ नसतो! तुझं काम रिसर्चऐवजी क्वालिटी इम्प्रूव्हमेंट (हॉस्पिटलची अंतर्गत सुधारणा) म्हणून बसत असेल तर प्रक्रिया सोपी होऊ शकते, पण ते आपण ठरवायचं नाही, आयआरबीकडून लेखी घ्यायचं.

सह्यकडा

हेच हेच. म्हणून कॅपस्टोनच्या आधीची टर्म रिकामी ठेव किंवा सगळ्यात हलका इलेक्टिव्ह तिथे टाक, म्हणजे परवानगीचे कागद तेव्हा फिरतील. आणि माझं मत, थिसिसच्या भानगडीत पडू नकोस, कॅपस्टोन कर. नोकरी करणाऱ्याला थिसिसचा गाईड सांभाळणं, कमिटी जमवणं फार अवघड जातं.

पिंपळपान_प्राध्यापिका

इथे मी सह्यकडाशी सहमत नाही. तुला पुढे पीएचडीचा जरा जरी विचार असेल तर थिसिस कर. पीएचडीच्या अर्जाला तुझं स्वतःचं संशोधन दाखवायला लागतं आणि तुझं काम जवळून बघितलेल्या प्रोफेसरची पत्रं लागतात, ऑनलाइन प्रोग्रॅममध्ये असा जवळचा संबंध थिसिसशिवाय क्वचित येतो. हॉस्पिटलमध्येच राहून विभाग चालवायचा असेल तर कॅपस्टोन जास्त उपयोगी, कारण हातात ट्रेनिंग मॉड्यूल किंवा पॉलिसीचा मसुदा येतो आणि तो वरिष्ठांपुढे ठेवता येतो. निर्णय आत्ता घेऊ नकोस, पण कुठल्या क्रेडिटपर्यंत कळवायचं असतं ती मुदत ॲडव्हायजरला पहिल्याच मीटिंगमध्ये विचार. काही ठिकाणी थिसिसला दोन टर्म नोंदवाव्या लागतात, म्हणजे एक इलेक्टिव्ह कमी होतो.

सह्यकडा

पीएचडी असेल तर मान्य. मी नोकरीचं धरून बोललो.

अबोली७

अजून एक, डिग्री पूर्ण करायची कमाल मुदत विचार. बऱ्याच ठिकाणी पाच ते सात वर्षं असते. एकेक कोर्स घेताना मध्ये कोणाचं आजारपण, भारतात जाणं झालं तर एखादी टर्म सुटते. सुटलेली टर्म चालते का, की लीव्हचा अर्ज लागतो, ते माहीत असलं की घाबरायला होत नाही.

चांदणवेल

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू! काल रात्री नवऱ्याबरोबर बसून आराखडा परत लिहिला. वरती प्रश्न लिहिलाय: 'पेशंटला कळलेलं नाही हे दुभाष्याला दिसलं तर ते खोलीतल्या बाकीच्यांपर्यंत कसं पोचतं, आणि का पोचत नाही?'

पहिली टर्म फक्त लीडरशिपचा पाया. दुसरी कम्युनिकेशन थिअरी. तिसरी रिसर्च मेथड्स, त्यातच ट्रेनिंग करून टाकेन. मग ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशन, त्यानंतर इंटरकल्चरल. उन्हाळ्यात मुलगी आजीकडे पुण्याला जाते तेव्हा दोन एकदम, हेल्थ कम्युनिकेशन आणि निगोशिएशन (निगोशिएशनमध्ये रोल-प्ले जास्त आहेत, सिलॅबस मागवला). मग एथिक्स. एथिक्स मुद्दाम उशिरा ठेवलंय कारण दुभाष्याने मध्ये बोलावं की नाही हा प्रश्न शेवटी तिथेच येतो आणि तोपर्यंत माझ्याकडे बोलायला काहीतरी असेल. त्यानंतर ऱ्हेटरिक, गाडगेबाबांसाठी! वऱ्हाडी_ठेचा, तुमच्याकडे कीर्तनाचं काही छापील असेल तर कळवा. आणि शेवटी कॅपस्टोन. पीएचडीचा विचार आज तरी नाही, पण मुदत विचारते.

एक शंका राहिलीय. ऱ्हेटरिकमध्ये पेपर लांब असतो आणि तेव्हाच आयआरबीचे कागद करायचे, हे जास्त होईल का?

पिंपळपान_प्राध्यापिका

आराखडा उत्तम आहे. एथिक्सबद्दल थोडं, बऱ्याच प्रोग्रॅममध्ये कोअर म्हणजे कंपल्सरी कोर्स पहिल्या अमुक क्रेडिटमध्ये संपवायची अट असते, ती बघ. अट नसेल तर तुझा क्रम मला आवडलाय. ऱ्हेटरिक आणि एथिक्सची अदलाबदल केलीस तर आयआरबीचा अर्ज एथिक्सच्या टर्ममध्ये येईल, अर्जात जे लिहायचं असतं, संमती, धोका, कोणाचा फायदा, ते त्या कोर्सच्या असाइनमेंटमध्येच लिहून होऊ शकतं. प्रोफेसरला आधी विचार.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, बाबांच्या कीर्तनाची छापील संहिता मिळते, माझ्याकडे एक जुनी पुस्तिका आहे, फोटो काढून पाठवतो. इंग्रजीत भाषांतर तुम्हालाच करावं लागेल, आणि वऱ्हाडी अडली तर मला विचारा, घरात आई आहे.

नर्सिंग_स्टेशन

आणि हॉस्पिटलच्या आयआरबी ऑफिसला आत्ताच एक छोटा मेल टाकून ठेव, की अमुक विषयावर साधारण दीड-दोन वर्षांनी काम करायचंय, विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टसाठी तुमची प्रक्रिया काय. आतला कोणीतरी स्पॉन्सर म्हणून लागतो असं म्हणाले तर तुझ्या मॅनेजरशी बोलायला भरपूर वेळ मिळेल.

चांदणवेल

एथिक्स-ऱ्हेटरिकची अदलाबदल केली. मेल आजच टाकते. मीटिंग झाली की ॲडव्हायजर काय म्हणाले ते इथेच लिहीन.